मारोतरावांचा पांढरा

मारोतराव मला पहिल्यांदा दिसले ते आमच्या स्वयंपाकघराची भिंत चाटताना.

वाशीमच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. आईला घेऊन एका बोळातल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटलं होतं. सकाळी चुलीतली राख टाकायला मागच्या दाराने बाहेर आलो, तर परसात पंचावन्नच्या आसपासचा एक उंच, वाळका माणूस आमच्या भिंतीला नाक लावून उभा. मला पाहून तो दचकला नाही. त्याने जीभ भिंतीला टेकवली, डोळे मिटले आणि वरणात मीठ पुरेसं पडलंय का हे ठरवणाऱ्या आचाऱ्यासारखा क्षणभर थांबला.

"लोणा हाय," तो म्हणाला. "कमरेपर्यंत खारट लागून राह्यली. त्याच्या वर चांगली हाय. तुमी नवे मास्तर ना जी?"

मी हो म्हणालो. भिंत चाटणाऱ्या माणसाशी याहून जास्त काय बोलावं ते सुचेना.

"भिंत मस्त हाय तुमची. खिडकी नाई, खुंटी नाई. त्या वरच्या कोपऱ्यात धुराचं भोक हाय, थेवढं चालते. अशी भिंत साऱ्या वाशीमात दुसरी नाई. मी साऱ्या पाह्यल्या हायेत."

"सगळ्या?"

"जेवढ्या लोकायनं चाटू देल्या तेवढ्या."

हे मारोतराव आमचे शेजारी. त्यांचं परस आणि आमची मागची भिंत समोरासमोर. वीसेक वर्षं ते एका फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर होते. पावसाळा संपला की तंबू बैलगाडीत घालून कामरगाव, शेलूबाजार, जत्रा असेल ते गाव, असं करत आठ महिने वऱ्हाड पालथं घालायचं आणि पाऊस लागला की घरी यायचं. मग मालक थकला, तंबूही थकला. शेवटच्या दिवशी मालकाने मारोतरावांना एक छोटं मशीन आणि पत्र्याच्या डब्यातली दोन रिळं भेट दिली. मशीन बल्बवर चालायचं आणि आमच्या बोळात वीज आदल्याच वर्षी आली होती, त्यामुळे तेवढा योग जुळला. मात्र ते एकदा बैलगाडीतून पडलं होतं. तेव्हापासून चित्र दिसायचं, आवाज येत नसे.

"मशीनचा घसा बसला हाय," मारोतराव सांगायचे.

रिळं होती ती एका जुन्या मराठी बोलपटाच्या मधली. सुरुवात नाही, शेवट नाही. एक बाई ओसरीवर एका म्हाताऱ्याशी तावातावाने बोलते, मग टांगा येतो, टांग्यातून एक फेटेवाला उतरतो, तोही बोलतो, बाई रडते, आणि लग्नाचा मांडव घालायला सुरुवात होते न होते तोच रीळ संपतं. लग्न कोणाचं, हे बोळात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मारोतरावांना या चित्रासाठी पडदा हवा होता. कापडी पडद्यावर त्यांचा राग होता. वीस वर्षं त्यांनी ठिगळं लावलेल्या पडद्यावर राजे-महाराजे पाहिले होते. वाऱ्याने पडदा हलला की राजाचं पोट हलायचं. त्यांना पक्की भिंत हवी होती आणि त्या भिंतीला योग्य तो पांढरा रंग हवा होता. मी भिंत दिली. सोपी गोष्ट आहे असं मला वाटलं होतं.

"पांढरा द्यायचा ना? द्या की. दोन हात चुना मारला की झालं."

मारोतरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वर्गात बे दुणे पाच म्हणालो असतो तरी चाललं असतं.

"मास्तर, तुमी शिकलेले मानसं. कोनता पांढरा?"

तिथून आमच्या भिंतीचे दिवस फिरले. आधी कळीचा चुना लागला. संध्याकाळी त्यावर चित्र टाकलं तर सगळी मंडळी पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसायला लागली. मग चुन्यात नीळ घातली. म्हातारा, बाई आणि टांग्याचा घोडा, तिघेही विष प्यायल्यासारखे निळे पडले. मग शाडू आणून फासला, तर सगळ्यांना कावीळ झाली. कोणीतरी सांगितलं म्हणून सफेद्याचा तेलरंग लावला. तो इतका चकाकला, की मधोमध बल्बचं प्रतिबिंब पडून बाईच्या नाकाच्या जागी अंडं दिसायचं. खडूची पूड डिंकात कालवून झाली, तुरटी घालून झाली. एकदा त्यांनी चुन्यात निरसं दूध घातलं. दुसऱ्या दिवशी बोळातली सगळी मांजरं आमच्या भिंतीशी हजर होती.

प्रत्येक रंगाचा ते हातभर चौकोन लावत आणि तो पसंत पडला नाही की खरवडून शेजारी दुसरा लावत. महिन्याभरात आमच्या भिंतीची गोधडी झाली. बोळातले लोक पत्ता सांगताना "त्या गोधडीच्या मांगं" असं सांगू लागले.

या माणसाला पांढऱ्याशिवाय दुसरं काही दिसत नसे. लग्नाच्या पंगतीत बसले तरी हातातला भात उजेडाकडे धरून बघायचे. नवरदेवाला आहेर करायला गेले आणि त्याच्या धोतराचा सोगा दोन बोटांत धरून म्हणाले, "नीळ कमी हाय, चांगलं हाय." एकदा कापसाच्या बाजारात जाऊन मूठभर कापूस डोळ्यांसमोर धरून इतका वेळ उभे राहिले, की कोणा दलालाला वाटलं मोठं गिऱ्हाईक आलं. त्याने यांचा हात ओढून रुमालाखाली घेतला आणि बोटांनी सौदा सुरू केला. मारोतरावांनी दोन-तीनदा बोटं दाबू दिली आणि मग शांतपणे म्हणाले, "मले कापूस नाई पाह्यजे जी. मले फक्त त्याचा रंग पाह्यजे."

इथपर्यंत बोळाला गंमत वाटत होती. भानगड झाली ती ओठांवरून.

चित्र चालू असताना मारोतराव हातात काडी घेऊन भिंतीशी उभे राहायचे. ओसरीवरची ती बाई बोलायला लागली, की तिच्या तोंडाशी काडी नेऊन म्हणायचे, "पाहा ना. ओठ दिसून नाई राह्यले." चुना आला, शाडू आला, सफेदा आला, तक्रार तीच. नळावर पाणी भरताना तेच, न्हाव्याकडे तेच. मंदिरात कीर्तन संपल्यावर शेजारच्याला सांगत होते, "बाकी सारं झालं, फक्त बाईचे ओठ तेवढे येऊन नाई राह्यले."

आमच्या बोळात कोर्टातले एक मुनशीजी राहत. सभ्यतेचा मक्ता त्यांच्याकडे होता. एका रविवारी ते माझ्याकडे आले, चहा नको म्हणाले, यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

"मास्तर, भिंत तुमची हाय म्हणून तुमाले सांगतो. बोळात लेकीबाया राह्यतेत. एवढा मोठा मानूस रोज संध्याकाळी नटीचे ओठ पाह्यते, हे काय बरं दिसते? तुमी बंद करा."

मी नवा माणूस, त्यातून मास्तर. सांगतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मागे गेलो. मशीन घरघरत होतं. त्या दिवशी खडू आणि सरसाचा चौकोन होता. मारोतराव काडी घेऊन उभे होते, पण त्यांचं लक्ष भिंतीकडे नव्हतं. ते मागे वळून आपल्या घराच्या ओट्याकडे पाहत होते. ओट्यावर गिरजाबाई बसल्या होत्या.

गिरजाबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. साठी उलटलेली, ठेंगणी, डोक्यावरून घट्ट पदर घेणारी. बाराव्या वर्षी तापात तिचे कान गेले ते कायमचे, हे बोळातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्याशी कोणी बोलत नसे. बोलून उपयोग काय, असा त्यामागे साधा हिशेब होता. तिला वाचा होती, पण लोक तिच्या आवाजाला हसत, म्हणून तिने चारचौघांत बोलणं सोडलं होतं.

मी तयार करून आणलेलं भाषण म्हणून दाखवलं. लेकीबाया, वय, लोक काय म्हणतील, सगळं. मारोतरावांनी ते नीट ऐकून घेतलं. त्यांना राग आला नाही.

"मुनशीजीचं बरोबर हाय," ते म्हणाले. "पन मी एकटा ठरवनारा कोन? बहिनीले इचारतो."

ते मशीनच्या उजेडात आले, बहिणीकडे तोंड केलं आणि ओठ हलवू लागले. आवाज मुळीच नाही. नुसते ओठ. वाक्य चांगलं लांबलचक असावं. गिरजाबाई एकटक त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. मधेच त्या हसल्या. मग चढ-उतार नसलेल्या, एकाच पट्टीतल्या आवाजात म्हणाल्या, "मास्तरले चा पाज आंधी."

मी ओट्यावर बसलो. गिरजाबाई चहा ठेवायला आत गेल्या.

"तिले ओठावरचं वाचता येते," मारोतराव म्हणाले. "मायबाप गेले तवा मी पाच वर्साचा होतो. तिनंच मले वाढोलं. मी बोलाले शिकलो थे तिच्याकडे तोंड करून. पाठ फिरवून बोललो तर जेवाले भेटे नाई." ते थोडं हसले. "मंग मी तंबूत गेलो. वीस वर्सं साऱ्या मुलखाले बोलपट दाखोले मास्तर. पावसाळ्यात घरी आलो की थे इचारे, अवंदा काय दाखोलं? मी एकेक गोष्ट सांगो. राजा झालो, रानी झालो. एक डाव तिले तंबूत नेलं. बायाच्या बाजूले मांगं बसली. पडद्याले भोकं. लोक हसले, हिले समजे नाई काहून हसले. अर्ध्यातून उठून आली. मंग कधी आली नाई."

रीळ संपलं होतं. भिंतीवर नुसता उजेड पडला होता. त्यांनी बल्ब मालवला.

"तिले गोष्ट सांगनारा मी हावो, म्हनून थे जगाची गोष्ट माह्या तोंडातून पाह्यते. एक डाव तिले सोताच्या डोळ्यानं पाहू द्यावं, असं मनात हाय. पन तिले ओठ दिसले पाह्यजेत."

चहा आला. मी प्यायलो. मुनशीजींना काय सांगायचं ते ठरवत बसलो, आणि खरं सांगायचं तर दुसरंच काहीतरी मनात सलत होतं.

माझ्या आईलाही ऐकू येत नव्हतं. गेल्या चार वर्षांत हळूहळू कमी होत गेलं होतं. आधी मी मोठ्याने बोलायचो, मग ओरडायचो. ओरडून गोड बोलता येत नाही. म्हणून पुढेपुढे ओरडण्यापुरतंच बोलायचो: जेवायला वाढ, दार लाव, मी निघालो. ती काहीही विचारलं तरी "हो हो" म्हणायची, म्हणजे मी पुन्हा ओरडू नये. दिवसाकाठी दहा-वीस शब्दांत आमचा संसार चालला होता आणि शेजारच्या परसात एक माणूस बहिणीला चार ओठ दिसावेत म्हणून गावच्या भिंती चाटत होता.

मुनशीजींना मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते "आमाले का ठाऊक नव्हतं?" म्हणाले आणि शाळेच्या कोठडीत जुन्या खडूंचे तुकडे पडले असतील तर मारोतरावांना द्या, अशी सूचना करून गेले.

पांढरा शेवटी सापडला तो आमच्या चुलीमुळे. एका संध्याकाळी मशीनखालची वीट सरकली आणि चित्र कलंडून भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात गेलं, धुराच्या भोकाजवळ. तिथे आईच्या रोजच्या स्वयंपाकाने भिंतीवर धुराची पातळ सावली धरली होती. मारोतराव वीट सारखी करायला वाकले, तोच ओट्यावरून गिरजाबाईंचा आवाज आला.

"राहू दे."

त्या उठून भिंतीपाशी आल्या होत्या आणि मान वर करून पाहत होत्या. कोपऱ्यात, धुरकट रंगावर, त्या बाईचा चेहरा स्वच्छ उमटला होता. डोळे, नथ, ओठ.

मारोतराव म्हणाले, "पांढऱ्यात काळं पाह्यजे होतं. मी मूर्ख, पांढऱ्यात पांढरंच घालून राह्यलो."

आता त्या धुराएवढं काळं घालायचं होतं. कोळसा घातला तर भिंत ठिपक्याठिपक्यांची झाली. तेव्हा मी आईला मारोतरावांपुढे उभं केलं. ती घरी काजळ धरायची, तुपाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी घालून. मी ओरडून सांगायला तोंड उघडणार, इतक्यात गिरजाबाईंनी माझ्या दंडावर हात ठेवून मला बाजूला केलं. त्यांनी आईचा चेहरा आपल्याकडे वळवला, भिंत दाखवली, बोट डोळ्यांच्या कडेने फिरवलं आणि सावकाश, नुसत्या ओठांनी म्हणाल्या: काजळ.

"काजळ होय," आई म्हणाली. "आहे की डबीभर."

मी तिथे उभाच राहिलो. आईने पहिल्या फटक्यात काही ओळखल्याला कैक महिने झाले होते.

पुढचे चार दिवस दोघी बायका मारोतरावांच्या ओट्यावर बसून काजळ घोटत होत्या आणि मारोतराव ते चिमटीचिमटीने चुन्याच्या बादलीत सोडत होते. चौथ्या दिवशी त्यांनी गोधडी खरवडून सगळी भिंत एका रंगात काढली. दिवसा पाहिली तर कोणी म्हणालं असतं, जरा मळकीच आहे.

मग एका संध्याकाळी त्यांनी बोळाला बोलावणं केलं. सतरंज्या आल्या, मुनशीजी खुर्ची घेऊन आले. गिरजाबाईंना सगळ्यांत पुढे बसवलं होतं, शेजारी आई. चित्र सुरू झालं आणि खरंच, इतकं स्वच्छ आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं. म्हाताऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता आल्या असत्या. पण पाच मिनिटांतच कुजबुज सुरू झाली. बाई बोलते आहे, म्हातारा बोलतो आहे, आणि आवाज नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "काय बोलून राह्यले हे?"

"माही पोरगी त्याले देनार नाई."

सगळ्यांनी वळून पाहिलं. म्हाताऱ्याचं वाक्य गिरजाबाई बोलल्या होत्या. त्यांची नजर भिंतीवरून हलली नव्हती.

"पोरगी तुमची नोहे. मीनं वाढोली तिले," त्या पुढे म्हणाल्या. त्या सपाट आवाजात, बाईचे ओठ हलतील तसं. टांगा आला, फेटेवाला उतरला. "मी पोरीले न्याले आलो. लगन इथंच होईन, नाईतर कुठीच नाई." इतके महिने तुकड्यातुकड्याने पाहिलेली ती दोन रिळं त्यांना एव्हाना जवळजवळ पाठ झाली असावीत. पण त्या संध्याकाळी त्यांनी ती पहिल्यांदा अख्खी वाचली. बोळातलं कोणी हसलं नाही. बाई रडू लागली तेव्हा मुनशीजींनी उपरण्याने नाक पुसलं. मांडव घालायला सुरुवात झाली आणि रीळ संपलं.

"लगन झालं काय मंग?" एका बाईने विचारलं, आणि गिरजाबाई पाठमोऱ्या आहेत हे ध्यानात येऊन ती उठून पुढे गेली, त्यांच्यासमोर बसली आणि पुन्हा विचारलं. गिरजाबाईंनी हाताने माहीत नाही अशी खूण केली. मग स्वतःच्या मनाने शेवट सांगायला सुरुवात केली. बायका त्यांच्याभोवती जमल्या.

मारोतराव मशीनपाशीच होते. गरम बल्बजवळ हात धरून उगीच काहीतरी सारखं करत होते. मी जवळ गेलो तर म्हणाले, "मास्तर, आज तिनं मले काईच इचारलं नाई." यात आनंद किती आणि दुसरं काय किती, ते मला सांगता येणार नाही. वीस वर्षं तो माणूस तिचा राजा आणि राणी होता.

त्यानंतर आई रोज दुपारी गिरजाबाईंकडे जायला लागली. दोघी तिथे काय करत ते मला कळत नसे. महिन्याभराने एकदा आई मला म्हणाली, "तुझ्या मिशा फार वाढल्यात. गिरजाबाई म्हणतात, मास्तरांच्या तोंडाला दारच नाही."

मी समजलो. मारोतराव रोज सकाळी न चुकता दाढी-मिशी का उतरवतात, तेही तेव्हा समजलं. तो सिनेमाचा शौक असेल असं मी धरून चाललो होतो.

दुसऱ्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन मिशी सफाचट काढली. शाळेत हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "घरचं कोणी गेलं का हो?" कोणी नाही म्हणालो तरी त्यांनी मला शेवटचा तास सोडून घरी पाठवलं.

घरी आलो. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. मी पाट ओढून तिच्यासमोर, उजेडाकडे तोंड करून बसलो, आणि न ओरडता, साध्या आवाजात हेडमास्तरांची गोष्ट तिला सांगितली. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. भाकरी तव्यावर करपायला लागली. गोष्ट संपली तशी ती खुदकन हसली.

"मग तू काय सांगितलंस?" तिने विचारलं.

मारोतरावांचे उपकार मी कोणत्या शब्दांत मानावे हे मला कधी कळलं नाही. त्या दिवशी आम्ही करपलेली भाकरी खाल्ली आणि अंधार पडेपर्यंत बोलत बसलो. चार वर्षांचं राहिलेलं होतं. दिसेनासं झालं तेव्हा आईने उठून दिवा लावला आणि तो आमच्या दोघांच्या मधे आणून ठेवला.